सात नंबरची जागा

१२ मार्च

ताई,

नमस्कार. तू जाऊन दहा दिवस झाले. तू पोचल्याचं तुझ्या लेकीनं फोनवर सांगितलं, पण मला फोनवर निम्मंच ऐकू येतं हे तुला ठाऊक आहे. "मंगळवार" आणि "खुबा" एवढं कळलं. ऑपरेशन मंगळवारी झालं की मंगळवारी व्हायचंय, हे कळलं नाही. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. म्हणून पत्र लिहितोय. तूही पत्रच लिही. कागदावरचं मला नीट कळतं.

रोज सकाळी आठला तुझ्या घरी जातो. कुलूप उघडून आधी नळ बघतो, मग गॅस बघतो (गॅस मी पेटवतच नाही, तरी बघतो), मग ऑर्किडच्या खोलीत जातो. तुझी वही समोर धरून पाणी घालतो. बारा कुंड्या, बारा पानं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं बांधली, पण एवढं लक्ष देऊन त्यातलं एकही वाचलं नाही. खोली जरा नीट लावून घेतली आहे, आलीस की तुला बरं वाटेल.

आता मुद्द्याचं सांगतो. सात नंबर मेलं आहे.

एकदम रागावू नकोस. मी काही केलेलं नाही. त्याला एकही पान नाही. सुरकुतलेले तीन कंद आहेत, म्हाताऱ्या माणसाच्या बोटांसारखे, आणि त्यावर वाळक्या साली. वहीत तू लिहिलंयस, "सात : पाणी नाही. थेंबसुद्धा नाही. मी सांगेपर्यंत नाही." मी चार वेळा वाचलं. मेलेलं आहे म्हणून पाणी नाही, असं आहे का? मग ते मला सांभाळायला कशाला दिलंस? काल राहवलं नाही, एक चमचा पाणी घातलं. मग भीती वाटली, म्हणून टिपकागदानं टिपून काढलं.

एवढं विचारतोय त्याला कारण आहे. तू गाडीत बसल्यावर तुझी लेक मला खाली फाटकाशी म्हणाली, "मामा, आईला आता एकटं ठेवायचं नाही मी. ह्या कुंड्या कुणाला तरी देऊन टाकू आणि घर बंद करू." ते ऐकून तू गाडीच्या खिडकीतून ओरडलीस, "सात नंबर फुलेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही! मग बघू!" म्हणजे सात नंबर फुललं तर तू परत येणार, आणि नाही फुललं तर नाही. मी असाच अर्थ लावलाय. बरोबर ना? मला बारक्या म्हणणारं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून विचारतो.

तुझा,
बारक्या


२१ मार्च

बारक्या,

आशीर्वाद. ऑपरेशन झालं. मंगळवारीच. मी ठीक आहे.

सात नंबर मेलेलं नाही, निजलेलं आहे. ती जातच तशी. थंडीत सगळी पानं टाकून देते आणि निजते. निजलेल्या माणसाच्या तोंडात तू चमच्यानं पाणी घालतोस का? टिपकागदाचं वाचून टाके दुखेपर्यंत हसले.

काही दिवसांनी बुडाशी कोंब येईल. त्या कोंबाला मुळं फुटतील. ती तुझ्या बोटाएवढी लांब झाली की मगच पाणी घालायचं. आणि एकदा सुरू केलंस की भरपूर घालायचं.

ते झाड तुझ्या मेव्हण्यांनी आणलं, त्याला अकरा वर्षं झाली. दर वर्षी फुलतं. तपकिरी, ठिपक्यांची फुलं येतात. हात लावला की आतून चिकट पिवळं काहीतरी टचकन उडतं. एकदा ह्यांच्या नाकावरच येऊन चिकटलं होतं. ह्यांना त्याचं बी धरायचं होतं. फुलं येतात आणि गळतात, बी काही धरत नाही. शेवटच्या आजारपणातसुद्धा "ह्या वर्षी धरेल" म्हणत होते. त्यालाही सहा वर्षं झाली. मला ते बी धरलेलं एकदा बघायचंय, एवढंच.

तू अर्थ लावत बसू नकोस. पाणी बघ.

ताई


८ एप्रिल

ताई,

कोंब आला! काडेपेटीच्या काडीच्या टोकाएवढा होता, आता बोटाच्या नखाएवढा झालाय. म्हणजे ते खरंच निजलेलं होतं. माझा विश्वास बसत नव्हता म्हणून मी रोज त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसत होतो.

आता मुळांचं. तू लिहिलंस, "तुझ्या बोटाएवढी." कुठल्या बोटाएवढी? करंगळी की मधलं? आणि अंगठ्याशेजारचं बोट कागद कापायच्या मशीनमध्ये पेरभर गेलंय, ते तू धरलंस की नाही? ते धरलं तर पाणी लवकर सुरू करावं लागेल आणि नाही धरलं तर उशिरा. चुकलं तर सगळंच गेलं. नीट खुलासा कर.

तीन नंबरची पानं मधोमध भाजल्यासारखी झाली आहेत, इस्त्री विसरली की कापडावर डाग पडतो तशी. आणि अकरा नंबर पिवळट दिसतंय. वहीत तसं काही लिहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे, तुझं पत्र पेन्सिलीनं लिहिलेलं का होतं? ओळीही खाली घसरत गेल्यात. तुझं अक्षर असं नाही. तुझ्या लेकीच्या घरी पेन नाही का? सोबत एक पेन पाठवतोय. चांगलं चालतं, पाकिटावरचा पत्ता त्यानंच लिहिलाय.

कधी येतेस?

बारक्या


१९ एप्रिल

बारक्या,

आशीर्वाद. तुटकं बोट सोडून कुठलंही बोट धर. देवा! तू माणसाला आजारपणातसुद्धा आजारी पडू देत नाहीस.

तीन नंबरची पानं भाजली म्हणतोस. ते तर आत कपाटाच्या कोपऱ्यात असतं. त्या कोपऱ्यात ऊन येतं कुठून? मला काही उमजेना. आणि अकरा नंबर तर खिडकीत असतं, ते पिवळं का पडावं? पुन्हा बघून लिही.

पेन मिळालं. छान आहे. पण मला पेन्सिलच बरी पडते.

पुढच्या महिन्याच्या अखेरीस येईन म्हणते. नक्की धरू नकोस, पण येईन म्हणते.

ताई


४ जून

ताई,

मे महिना संपून चार दिवस झाले. मी मध्ये दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. टपालात गहाळ झाली असतील, म्हणून पोस्टात जाऊन विचारून आलो. तिथला कारकून म्हणाला, "आजोबा, पत्रं पोचली असणार. उत्तर द्यायचं की नाही ते पोस्टाच्या हातात नसतं." फार शहाणा आहे.

तू विचारलं होतंस की कोपऱ्यात ऊन कुठून येतं. ह्या वर्षी ऊन सगळीकडेच फार आहे.

सात नंबरचं ऐक. मधलं बोट धरून पाणी सुरू केलं आणि ते असं काही उधळलंय की मला त्याची भीतीच वाटायला लागली. हातभर पानं आली आहेत. नवा कंद माझ्या मनगटाएवढा जाड झालाय. बुडातून काहीतरी बाहेर येतंय. मूळ असेल तर खाली जायला हवं, ते वर चाललंय. फुलाचा दांडा असेल का? तुझ्या वहीत दांड्याचं चित्र आहे, पण ते पाच नंबरचं आहे आणि शेजारी तू वाणसामानाची यादी लिहून ठेवली आहेस.

आता गंभीर गोष्ट. परवा चष्म्याच्या दुकानाचे मालक दारात आले, तुमच्या ऑर्किडच्या मंडळातले ते. सोबत चार मोठी खोकी आणि जुन्या वर्तमानपत्रांची चळत. म्हणाले, "कुंड्या न्यायला आलोय." मी विचारलं, "कुणाला विचारून?" ते म्हणाले, "बाईंना सगळं माहीत आहे." मी म्हटलं, "माझी बहीण असं काही करणं शक्य नाही. सात नंबरवर तुमचा डोळा आहे हे मला पहिल्यापासून माहीत आहे." ते म्हणाले, "अहो, त्याचाच एक तुकडा बाईंनी मला चार वर्षांपूर्वी दिलाय. माझ्या गच्चीवर आहे तो." मी म्हटलं, "मग तो सांभाळा," आणि दार लावलं. आतून कडीही घातली. ते बराच वेळ जिन्यात उभे होते. मग खोकी उचलून गेले. एक खोकं जिन्यातच राहिलं, त्यात मी आता चपला ठेवतो.

तुझं रक्षण केलं एवढं समाधान आहे. पण तू गप्प का?

बारक्या


१७ जून

बारक्या,

आशीर्वाद. पत्रं सगळी पोचली. मध्यंतरी लिहायला जमलं नाही.

चष्मेवाल्यांना मीच सांगितलं होतं. जरा बघून या, असं. ते भले गृहस्थ आहेत. त्यांच्या तोंडावर दार लावायला नको होतंस.

बुडातून येतंय तो फुलाचाच दांडा असणार. आता कुंडी फिरवू नकोस, पाणी चुकवू नकोस आणि दांड्याला हात लावू नकोस. कळ्या किती आहेत ते लिही. रंग धरला की तेही लिही. मी वाट बघतेय.

ताई


१३ जुलै

ताई,

माझा घोटाळा झाला आहे. आता लपवत नाही, सगळं सांगतो.

तुझं पत्र आल्यापासून मी दोन गोष्टींचा विचार करतोय. बघून यायला माणूस चार खोकी घेऊन येतो का? हा एक विचार. पण तो बाजूला ठेवतो, कारण दुसरा मोठा आहे.

सात नंबर फुललं. तीन कळ्या होत्या, तिन्ही उमलल्या. पण ती तुझी फुलं नाहीत! तपकिरी नाहीत, ठिपक्यांची नाहीत. हिरवीगार आहेत, जाडजूड, उलटी घातलेली टोपी असावी तशी. हात लावला तर काहीही उडत नाही. मी नाक पुढे करूनही बघितलं. मठ्ठ बसून राहतात.

म्हणजे हे सात नंबर नाहीच. मग सात नंबर कुठे गेलं? ह्याचं उत्तर बहुतेक माझ्यापाशीच आहे. तू गेलीस त्याच आठवड्यात मी खोली नीट लावली असं लिहिलं होतं ना, ते असं. तुझ्या कुंड्या कशाही ठेवलेल्या होत्या. खिडकीत चार नंबर, मग अकरा, मग दोन. कपाटाच्या कोपऱ्यात तीन आणि न्हाणीघराच्या दाराशी सात. बारावं प्रकरण दुसऱ्याच्या आधी बांधलं तर मालक पुस्तक तोंडावर मारतो. चाळीस वर्षांची सवय आहे ताई, नंबर उलटसुलट दिसले की मला बसवत नाही. म्हणून मी त्या ओळीनं लावल्या. दारापासून एक, दोन, तीन, चार अशा खिडकीतून पलीकडे बारापर्यंत. ओळ फार सुंदर दिसत होती.

तीन त्यात खिडकीच्या उन्हात आलं, त्याची पानं भाजली तेव्हा मला संशय आला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते कळलं असतं तर तू तुझ्या लेकीला म्हणाली असतीस, "दे त्या कुंड्या कुणालाही, बारक्याच्यानं होत नाही," आणि मग घर बंद. म्हणून गप्प बसलो. आता मला वाटतं, हलवाहलवीत दोन कुंड्यांच्या नंबराच्या पट्ट्या बदलल्या असणार. पण बाकीच्या अकरांतही तपकिरी ठिपक्यांचं काही नाही. मी सगळ्यांच्या बुडाशी बॅटरी मारून बघितली. मला काही म्हणजे काही कळत नाही.

तुला ओळखता यावं म्हणून तिन्हींतलं एक फूल कापलं, दोन पुठ्ठ्यांत ठेवून प्रेसखाली दाबलं आणि सोबत पाठवतोय. जाड असल्यानं नीट दबलं नाही, पाणी सुटलं, पण आकार कळेल.

हे फुलणं धरायचं की नाही, तेवढं सांग.

बारक्या


१८ जुलै

मूर्खा,

कापलंस? कापलंस कशाला?

पाकिटातून ते हिरवं पडलं आणि मी अशी ओरडले की लेक हातातली कणीक टाकून धावत आली. बारक्या, ती मादी फुलं आहेत.

लक्ष देऊन वाच. ह्या जातीत नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. इतकी वेगळी, की पूर्वी शिकलेल्या माणसांनासुद्धा ती दोन निराळी झाडं वाटायची. हे तुझे मेव्हणे मला सांगायचे. मी "असेल" म्हणायचे, मनातून पटलेलं नव्हतं. आमच्याकडे अकरा वर्षं नुसती नर फुलं आली. तपकिरी, पराग उडवणारी. मादी फूल आलंच नाही, मग बी कशानं धरणार? हे त्याचीच वाट बघत होते.

पट्टी बदललेली नाही. ते सात नंबरच आहे.

आता उरलेल्या दोन फुलांकडे नुसतं बघायचं. श्वाससुद्धा लांबून घ्यायचा. आणि हे पत्र वाचून झालं की चहा न पिता चष्मेवाल्यांच्या दुकानात जा. त्यांच्याकडच्या तुकड्याला ह्याच दिवसांत नर फुलं येतात. त्यांना म्हण, पराग घेऊन या. ते पुढचं जाणतात. त्यांची माफी माग. मागता येत नसेल तरी माग. फुलं फार दिवस टिकत नाहीत आणि हे पत्रच चार दिवस वाटेत जाणार आहे.

ताई


२५ जुलै

ताई,

झालं. सगळं क्रमानं सांगतो.

पत्र मंगळवारी दुपारी आलं. तसाच निघालो, चपलाही वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या. दुकानात ते एका बाईंचे डोळे तपासत होते. मला बघून म्हणाले, "बसा. चोरांना थोडं थांबावं लागेल."

मी म्हटलं, "मी तुम्हाला चोर म्हणालो नव्हतो. डोळा आहे असं म्हणालो होतो."

"डोळ्यांचाच धंदा आहे माझा," असं म्हणून ते त्या बाईंना खालची ओळ वाचायला सांगू लागले. बाईंना येईना. मीच वाचून दाखवली. त्यावर त्या बाई भडकल्या.

मग मी तुझं पत्र त्यांच्यापुढे धरलं. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. म्हणाले, "हिरवी? टोपीसारखी? कुठे ठेवली होती कुंडी?" मी ओळीचं सांगितलं. सात नंबर बरोबर खिडकीच्या मध्यावर आलं होतं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, ह्या झाडाला भरपूर ऊन मिळालं तरच ते मादी फुलं धरतं. सावलीत सगळी नर. बाईंकडे ते न्हाणीघराच्या दाराशी, माझ्याकडे जाळीखाली. आम्ही सगळे त्याला जपत बसलो. आणि तुम्ही..." मला शाबासकी दिली की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

बुधवारी ते आले. मी दार आधीच उघडून ठेवलं होतं. पराग त्यांनी आदल्या दिवशीच काढून कागदावर सुकत ठेवला होता. ताजा असला तर तो फुगीर असतो, आत बसत नाही म्हणाले. भिंग लावलं, दात कोरायच्या काडीवर ते पिवळं घेतलं आणि फुलाच्या आतल्या फटीत सरकवलं. एकात. मग दुसऱ्यात. मी भिंतीला चिकटून उभा होतो.

"झालं," म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच. आता शेंग धरली तर फुगेल, नाही तर देठ पिवळा पडेल."

मी चहा केला. त्या वेळी माझ्या तोंडून गेलं, "फुललंसुद्धा आणि बीसुद्धा धरणार. आता ताई यायला मोकळी." त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या यायच्या नाहीत ना आता? मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. त्यांनी मे महिन्यात लेकीकडून तसं कळवलं, म्हणून तर मी खोकी घेऊन आलो होतो."

मी म्हटलं, "तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल." ते "असेल" म्हणाले. पण त्यांना नीट ऐकू येतं ताई, ऐकू मला येत नाही.

मी सात नंबर फुलवलं. मग हे काय आहे?

बारक्या


५ ऑगस्ट

बारक्या,

आशीर्वाद. चष्मेवाल्यांनी खरं तेच सांगितलं.

मे महिन्यात दुसरं ऑपरेशन झालं. पहिलं नीट बसलं नव्हतं. पाच महिने मी पाठीवरच आहे. पाठीवर पडून पेन वर धरलं की शाई उतरत नाही, पेन्सिल चालते. तू पाठवलेलं पेन उशीखाली आहे. आता काठी घेऊन पलंगापासून दारापर्यंत जाते. घराचे दोन जिने चढणं ह्या जन्मात व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. लेकीनं काही लादलेलं नाही, तिच्यावर रागावू नकोस.

तुला लिहायला घ्यायचे. दोनदा कागद घेतला. तेवढ्यात तुझं पत्र यायचं, बुडातून येतंय ते मूळ की दांडा म्हणून. मग राहून जायचं. तू अर्थ लावला होतास की फुललं तर मी येणार. तो अर्थ मी खोडला नाही, कारण मलाही तो हवासा वाटत होता.

ऊन लागायला हवं होतं, हे दोनदा वाचलं. न्हाणीघराच्या दाराशी ती कुंडी ह्यांनी स्वतः ठेवली होती. "हिला ऊन सोसायचं नाही" म्हणाले होते. ते गेल्यावर मी अख्खं घर हलवलं, पण ती कुंडी हलवली नाही. कशी हलवणार? तुला नंबर दिसले, म्हणून तू हलवू शकलास.

आता एक मागते. शेंग पिकायला सहा-आठ महिने लागतात. तोवर कुंडी जागची हलवायची नाही. थंडीत पानं गळतील, त्या दिवसांत तर रोज लक्ष हवं. आठला येऊन नऊला गेलास तर भागणार नाही. तुझ्या त्या दोन खोल्यांत असं काय ठेवलंय? माझ्या घरी राहायला ये. माझ्या खोलीत झोप, खिडकीचं दार घट्ट बसतं, गुद्दा मारावा लागतो.

हो किंवा नाही, तेवढंच लिही. पानभर शंका नकोत.

ताई


२ सप्टेंबर

ताई,

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही. रागावलो होतो. कुणावर ते ठरवता येईना, म्हणून वेळ लागला. आधी तुझ्या लेकीवर रागावून बघितलं, मग डॉक्टरांवर, मग चष्मेवाल्यांवर. एक दिवस सात नंबरवरसुद्धा. तो दिवस मी त्याला पाणी दिलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

शंका नकोत म्हणालीस, पण थोड्या आहेतच. तुझ्या कपाटाच्या चार किल्ल्या आहेत आणि कुलुपं तीनच. चौथी कशाची? रात्री ज्यात निजतो त्या खोलीत घड्याळ नाही, तरी टिकटिक येते. ती कशाची? आणि पाच महिने उताणं पडून राहिल्यावर माणूस दिवसभर छताकडे बघून काय करतो? हे विचारायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं. खोडत नाही.

दोन शेंगांतली एक गळाली. देठ पिवळा पडला आणि दुसऱ्या दिवशी ती कुंडीत पडलेली होती. मी ती उचलून ठेवली आहे. दुसरी फुगतेय. पुस्तकं शिवायचा दोरा तिच्याभोवती लांबूनच धरून जाडी मोजतो आणि दोऱ्यावर तिथे गाठ मारतो. गेल्या सोमवारची गाठ आणि आजची गाठ यांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर पडलंय. चष्मेवाले दर रविवारी भिंग घेऊन येतात. म्हणाले, आतलं बी धुळीसारखं असतं, शेंग उकलली की उडून जातं. म्हणून मी आत्तापासूनच पुड्या करून बघतोय. बारीक पीठ भरायचं, हलवायचं, खाली काळा कागद धरायचा. सहा घड्या घातल्या तर गळत नाही. बी निघालं की पुडी घेऊन मी स्वतः तुझ्याकडे येणार आहे. गाडी कुठे बदलायची ते तुझ्या लेकीला स्वच्छ अक्षरात लिहून पाठवायला सांग, फोनवर नको. बी बघायचं म्हणाली होतीस ना. धुळीसारखं असलं तर त्यात बघायचं काय, हे मला कळत नाही, पण मी आणतो.

तीन नंबरला त्याच्या कोपऱ्यात ठेवलंय, अकराला खिडकीत. नंबर पुन्हा उलटसुलट झाले आहेत. त्या खोलीत जाताना मी थोडं खाली बघून जातो.

आज सकाळी पोस्टमननं मला तुझ्या दारात लुंगीवर, दात घासताना बघितलं. म्हणाला, "बाई आल्या का?" म्हटलं, नाही. "मग इथं कोण राहतं?" मला पटकन सांगता येईना. तोंडात फेस होता, हे एक कारण. तो पिशवी सांभाळत उभाच राहिला. शेवटी चूळ भरून आलो आणि माझं नाव सांगितलं. त्यानं ते आपल्या यादीत तुझ्या नावाखाली लिहून घेतलं. तुझं खोडू का, असं विचारत होता. खोडू नका म्हटलं.

तेव्हा पुढचं पत्र ह्या घरी टाक. पत्ता तुला पाठ आहे.

बारक्या